टमाट्याचं ‘ग्रो किट’ मागवलं होतं, त्याचा रिव्ह्यू (आणि बियाण्याच्या दुकानाचाही)

किट घेऊन जवळपास वर्ष होत आलं तरी रिव्ह्यू आत्ता लिहितोय, कारण टमाट्याच्या किटचा रिव्ह्यू बॉक्स उघडल्या दिवशी लिहिण्यात काही अर्थ नसतो. पाच स्टार देणारे निम्मे लोक पॅकिंग बघूनच देतात. मी पण त्या दिवशी पाचच दिले असते.

मी राहतो धुळ्यात, देवपूरला. शेतीशी संबंध म्हणाल तर साक्रीकडे मामाची कपाशी आहे, तिथे लहानपणी बोंडं वेचायच्या नावाखाली शेंगदाणे खायला जायचो तेवढाच. आयुष्यात कुंडीत तुळस सोडून काही लावलं नव्हतं, ती पण आईने लावलेली. तर एप्रिलमध्ये, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवडाभर आधी, कुठल्यातरी सेलमध्ये हे किट दिसलं, ‘बिगिनर्ससाठी, बी ते फळ सगळं एका बॉक्समध्ये’, ९९९ चं ६४९ ला, आणि मुलगी मागे लागली की पप्पा घ्या ना. घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला भांडायचं नाहीये, आणि अशी किटं दहा कंपन्या विकतात, आतला माल साधारण सारखाच.

बॉक्समध्ये काय होतं ते सांगतो. कोकोपीटच्या सहा चपट्या टिकल्या, म्हणजे पाण्यात टाकल्या की फुगून छोट्या डब्यासारख्या होतात त्या, दोन ग्रो बॅग, अर्धा किलो गांडूळखत, एक छोटा स्प्रे, लाकडी पट्ट्या नाव लिहायला, एक रंगीत पत्रक आणि बियांच्या दोन पुड्या, एक चेरी टमाट्याची आणि एकीवर नुसतं ‘रेड टोमॅटो’. मोजल्या तर एकीत १५ बिया, दुसरीत १८. टमाट्याचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बसतात, म्हणजे किटमध्ये बी किती तर एक ग्रॅमचा नववा-दहावा भाग. हे तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळल्यावर जरा डोकं फिरलं.

पॅकिंग मात्र एकदम भारी, खोटं कशाला बोलू.

आखाजीच्या सणात घराघरात गौराई बसवतात आणि टोपलीत धान पेरतात, आमच्याकडे आई पेरते, चार-पाच दिवसात हिरवंगार येतं. मला वाटलं तसंच असेल, आखाजीच्या मुहूर्तावर मी पण सहा टिकल्या फुगवल्या, प्रत्येकीत तीन-तीन बिया टाकल्या आणि पत्रकात ‘भरपूर सूर्यप्रकाश’ लिहिलं होतं म्हणून गच्चीवर ठेवल्या. धुळ्याची गच्ची, एप्रिलचा शेवट, पारा ४२. सकाळी पाणी मारलं की दुपारी जेवायला येईपर्यंत टिकली वाळून वरीच्या भाकरीसारखी कडक. मग दुपारी पण पाणी, संध्याकाळी पण पाणी. दहाव्या दिवशी दोन कोंब दिसले. आईचं धान तोपर्यंत वीतभर होऊन गौराईबरोबर विसर्जन पण झालं होतं.

ते दोन कोंब वाचवायला मी घरात आणले, खिडकीत. तर ते बिचारे उजेडाकडे मान लांब करत करत दोऱ्यासारखे झाले, पांढरट बारीक दांडी आणि वर दोन पानं, आणि एके दिवशी आडवे. कस्टमर केअरला मेसेज केला तर अर्ध्या तासात उत्तर आलं (सर्व्हिस फास्ट आहे हां, त्याचे मार्क देतो) की आपण पाणी जास्त घातलं असेल, पुढच्या ऑर्डरवर १० टक्के सूट. पुढची ऑर्डर!

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. पत्रकाच्या मागच्या बाजूला, अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं की २० ते ३० डिग्रीत पेरा. म्हणजे चूक माझी पण. पण ज्याने पहिल्यांदाच बी हातात घेतलंय त्याच्यासाठी ‘कधी पेरायचं’ हीच सगळ्यात मोठी गोष्ट असते ना, ती पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पाहिजे, तिथे तुम्ही हसणाऱ्या बाईचा टोपली घेतलेला फोटो छापलाय. ३५ च्या वर टमाट्याचं बी नीट उगवत नाही, आणि उगवलं तरी पुढे फुलं गळतात. मग एप्रिलमध्ये धुळ्याच्या पिनकोडवर हे विकताना एक ओळ लिहा की बाबा, बॉक्स सप्टेंबरपर्यंत उघडू नको. पण मग सेलमध्ये विकणार कोण.

दुसऱ्यांदा लावलं कानबाईच्या सणाच्या सुमारास, श्रावणात. ह्यावेळी उरलेल्या १५ बिया. वातावरण गार, पाऊस, मी खूश. पाचव्या-सहाव्या दिवशी अकरा कोंब आले, मुलीने प्रत्येकाला नाव दिलं. आठ दिवसांनी सकाळी बघतो तर चार आडवे, दुसऱ्या दिवशी अजून पाच. मातीला लागून दांडी एकदम बारीक, तपकिरी, पाणचट, कोणीतरी चिमटीत धरून पिळल्यासारखी. किटच्या व्हिडिओत ह्याबद्दल अक्षर नव्हतं. उरलेले दोन ग्रो बॅगेत लावले, ती बॅग फक्त नऊ इंचाची, त्यातला एक गेला, एक चेरीचा जगला, त्याला पुढे बावीस टमाटे लागले, गोटीएवढे. मुलीने सगळे खाल्ले. म्हणजे ६४९ भागिले २२ केलं तर एक टमाटा साडेएकोणतीस रुपयांना पडला, चव चांगली होती म्हणे.

आता दुकानाबद्दल.

ते आडवे पडलेले कोंब मी कागदात गुंडाळून पाचकंदीलकडच्या बियाण्याच्या दुकानात घेऊन गेलो होतो. बाहेर खताच्या गोण्या रचलेल्या, आत औषधांचा वास, काउंटरवर एक साठीतले काका, आणि माझ्या पुढे चार शेतकरी कपाशीची पानं खिशातून काढून दाखवायला उभे. मला वाटलं मला हाकलून देतील, ३५ रुपयाचं गिऱ्हाईक. काकांनी कागद उघडला, बघितलं, आणि पहिले विचारलं, कधी लावलं होतं. मी आखाजीपासून सगळी कथा सांगितली. ते हसायलाच लागले, “अरे भाऊ, आखाजीले टमाटा कोनी लावस का?” मग कोंबाकडे बोट दाखवून, “रोज रोज पानी टाकशी त मरी जाई.” मागचे चारही जण हसले. मी पण हसलो, काय करणार.

पण मग त्यांनी पाच मिनिटं नीट समजावून सांगितलं, जे ६४९ च्या बॉक्सने सांगितलं नव्हतं. ते म्हणाले हा रोप कोलमडायचा रोग, मातीतली बुरशी असते, ओल जास्त आणि हवा कमी झाली की लागतो, श्रावणात तर हमखास. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, वरून तू स्प्रे मारतोय, वरून पाऊस, रोपाला श्वास घ्यायला जागाच नाही. उपाय काय तर वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी, ते पण सकाळी, आणि पेरायच्या आधी मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी) मिसळ. आणि मुख्य म्हणजे आत्ता काही नेऊ नको, नवरात्रात ये. दुकानदार स्वतः म्हणतोय आत्ता विकत घेऊ नको! मी रिकाम्या हाताने घरी.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी परत गेलो. काकांनी तीन गोष्टी विचारल्या, ऊन किती तास येतं, कुंडी केवढी, आणि टमाटे भाजीला पाहिजे की सॅलडला. भाजीला म्हटल्यावर त्यांनी हायब्रीडचं पाकीट काढलंच नाही, म्हणाले ते दहा ग्रॅमचं येतं, त्यात तीन हजार बिया, तुला काय गच्चीवर मळा करायचाय का, आणि हायब्रीडचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तसंच झाड येईल ह्याचा भरवसा नाही. पुसा रुबीचं छोटं पाकीट दिलं, ३५ रुपये. ही दिल्लीच्या पुसा संस्थेची जुनी जात, सरळ वाण (म्हणजे हायब्रीड नाही), फळ जरा चपटं, खोबणी असलेलं आणि आंबट, म्हणजे आपल्या भाजीला बरोबर, आणि बी आपलं आपण धरता येतं.

पाकिटावरचा फरक बघा. किटच्या पुडीवर फुलाचं चित्र आणि ‘प्रेमाने वाढवा’. दुकानातल्या पाकिटावर लॉट नंबर, तपासणीची तारीख, कुठपर्यंत वापरायचं ती तारीख, आणि उगवण कमीत कमी ७० टक्के, शुद्धता ९८ टक्के, सगळं छापलेलं. म्हणजे वीस पेरले आणि चौदा उगवले तरी बियाणं नापास नाही, ही साधी गोष्ट माहीत असती तर मी पहिल्या वेळी प्रत्येक बी साठी रडलो नसतो. त्या बियांना लालसर रंग होता, काका म्हणाले ते बुरशीचं औषध चोळलेलं असतं, विषारी आहे, हात धू आणि पोरीच्या हातात देऊ नको. हे पण पाकिटावर लिहिलेलं असतं पण त्यांनी तोंडाने सांगितलं, ते महत्त्वाचं.

नवीन माणसासाठी मी काय केलं ते सविस्तर लिहितो कारण मला हेच कुठे सापडत नव्हतं. चहाचे कागदी कप घेतले, बुडाला चार भोकं. आमच्याकडची काळी माती कुंडीत नुसती भरायची नाही, ओली असताना चिखल आणि वाळली की भेगा पडून ढेकूळ, बारीक मूळ त्यात घुसतच नाही, म्हणून पोयट्याची माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि किटमधलं उरलेलं कोकोपीट असं मिसळलं (शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास यायला नको, मातीचा यायला पाहिजे, कच्चं असलं तर रोप जळतं). कपात करंगळीचं अर्धं पेर बुडेल एवढ्याच खोल, म्हणजे अर्धा-पाऊण सेंटीमीटर, बी टाकलं, वर माती भुरभुरली, पाणी दिलं आणि सगळे कप एका ताटलीत ठेवून वर ओलं गोणपाट. उगवायला उजेड लागत नाही, ऊब आणि ओल लागते. पण, आणि इथे लोक चुकतात, पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढून टाकायचं आणि उजेडात न्यायचं, एक दिवस उशीर केला की माझ्या खिडकीतल्या दोऱ्यासारखं होतं.

सहाव्या दिवशी पहिला कोंब आला, नवव्यापर्यंत वीसपैकी सोळा. घटातलं धान शेजारीच होतं, ते पुढे निघून गेलं होतंच, पण ह्यावेळी आईने टोमणा मारला नाही. पहिली जी दोन पानं येतात ती खरी पानं नसतात, लांबट साधी असतात, त्यानंतरची कातरलेली येतात आणि त्यांना चुरगाळलं की टमाट्याचा वास येतो, ती खरी. सुरुवातीला सकाळचं कोवळं ऊन दोन तास, मग रोज थोडं थोडं वाढवत नेलं. चार-पाच खरी पानं आणि वीतभर उंची झाली की हलवायचं, माझं ते २७ व्या दिवशी झालं, लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी, घरात फराळाची गडबड आणि मी गच्चीवर मातीत, बायको काय बोलली ते लिहीत नाही.

हलवताना एक मजेशीर गोष्ट कळली. बाकी रोपं जेवढी मातीत होती तेवढीच लावतात, टमाट्याचं तसं नाही, खालची पानं खुडून दांडी अर्धी मातीत गाडायची, त्या गाडलेल्या दांडीला मुळं फुटतात आणि रोप दणकट होतं. म्हणजे थोडं लांबलेलं रोप पण वाचतं. माझ्या एप्रिलच्या त्या दोन रोपांना कोणी हे सांगितलं असतं तर, जाऊ द्या, तिथे ऊनच मारून टाकणार होतं.

सोळापैकी आठ स्वतः ठेवली, बाकी गल्लीत वाटली. पंधरा-सोळा लिटरच्या रंगाच्या रिकाम्या बादल्या, बुडाला भोकं, एका बादलीत एकच रोप. किटमधली नऊ इंची बॅग ह्या कामाची नाही, सरळ सांगतो, तिच्यात कोथिंबीर लावा. आधाराला मामाकडून कपाशीच्या पऱ्हाट्या आणल्या, फुकट, खान्देशात कपाशी संपली की बांधावर ढीग पडलेले असतात, लोक ऑनलाइन हिरव्या प्लास्टिकच्या काठ्या दीडशेला घेतात. बांधायला केळीचं वाळलेलं सोपट, दांडीला काचत नाही. पुसा रुबी वाढत राहणारी जात आहे, खांद्यापर्यंत गेली, पऱ्हाटी कमी पडली तेव्हा गच्चीच्या तारेवरून सुतळ्या सोडल्या.

अडचणी आल्याच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका झाडाची पानं वर वळून वाटीसारखी, झाड खुजं, मिरचीवर बोकड्या येतो ना तसंच. हा व्हायरस असतो, पांढरी माशी तो पसरवते, आणि आपल्याकडे चहुबाजूने कपाशी, त्या माशीचं माहेरच. मी पान घेऊन काकांकडे, ते म्हणाले ह्याला औषध नाही, उपटून टाक. मला जिवावर आलं, दोन दिवस लावले, पण उपटलं. बाकी सातांसाठी त्यांनी पिवळे चिकट कार्ड घेतले तर घे नाहीतर पिवळ्या डब्याला एरंडेल लावून टांग असं सांगितलं, मी डबा टांगला, संध्याकाळपर्यंत माशांनी ठिपके ठिपके. पुढे एक-दोन फळांना भोक पाडून अळी बसली होती, मामाला फोटो पाठवला तर तो म्हणे ही तर आमची कपाशीवालीच, हरभऱ्यावर घाटेअळी म्हणतात ती पण हीच. मी हातानेच वेचली, सात झाडांना औषध काय मारायचं.

आणि पहिल्या पाच-सहा फळांचं बूड काळं पडलं, चामड्यासारखं. मला वाटलं रोग. तो रोग नसतो, फळाला कॅल्शियम पोहोचत नाही आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पाणी अनियमित, मी मध्ये चार दिवस बाहेरगावी गेलो आणि आल्यावर बादलीभर ओतलं, त्याची शिक्षा. नंतर एक दिवसाआड ठरलेलं पाणी आणि वर उसाच्या पाचटाचं आच्छादन केलं, पुढची फळं चांगली आली. फुलं असताना सकाळी काठीला हळूच टिचकी मारायची, टमाट्याचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं, फक्त हलायला पाहिजे. हे काम मुलीकडे होतं, शाळेत जायच्या आधी सात टिचक्या.

नाताळच्या सुमारास पहिला लाल झाला. मग जानेवारीत धुळ्याची थंडी पडली, इथे मेमध्ये भट्टी असते तसं जानेवारीत पहाटे पारा सहा-सातवर येतो, झाडं जागच्या जागी थांबली, फळं हिरवी ती हिरवीच. आईने वाट न बघता हिरवे तोडून शेंगदाणे-हिरवी मिरची घालून चटणी वाटली, बाजरीच्या भाकरीबरोबर, आणि मी म्हणतो पिकायची गरजच काय होती. ऊन वाढल्यावर बाकीचे पिकले. आईने कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, सगळे मिळून नऊ किलो आणि काही. त्याच दिवसात बाजारात टमाटे २० रुपये किलो होते, त्यामुळे पैसे वाचवायला हे करत असाल तर करू नका. बादल्या फुकटच्या धरल्या तरी शेणखत, माती, पेट्रोल, पाचकंदीलच्या फेऱ्या, बरोबरीत सुटलो तरी नशीब.

तर स्टार. किटला दोन. एक पॅकिंगला आणि एक त्या स्प्रेला, स्प्रे खरंच चांगला आहे, बायको इस्त्रीला वापरते. कोणाला वाढदिवसाला द्यायला चालेल, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच द्या. गांडूळखत ठीक, बी वाईट नव्हतं, श्रावणात पंधराला अकरा उगवलं म्हणजे ते तर पास आहे, पण पुडीवर तारीख नाही ही गोष्ट मला पटली नाही.

दुकानाला साडेचार. अर्धा कापला कारण सकाळी अकराच्या आत गेलात तर शेतकऱ्यांची एवढी गर्दी असते की तासभर नंबर लागत नाही, दुपारी तीनला जा, आणि काका यूपीआय घेतात पण साउंडबॉक्स बोलल्याशिवाय सोडत नाहीत, नेटवर्क नसलं की उभे राहा.

आत्ता मार्चच्या पहिल्या आठवड्यात, जोर आला म्हणून परत गेलो, म्हटलं ह्यावेळी दोन पाकिटं द्या. काकांनी माझ्याकडे बघितलं, बाहेरच्या उन्हाकडे बघितलं, “आते टमाटा नको, भेंडी लई जाय.” ३० रुपयाचं पाकीट दिलं. काल पाचवा दिवस होता, सहा बादल्यांत कोंब वर आलेत, सातवीत अजून काही नाही.